वामनला गाडी लागली

"ताई, घाट सोडून दुसरं काहीही सांग," वामन म्हणाला. "म्हणशील तर घाट चालत उतरतो. पण एस्टीत बसायला सांगू नकोस."

मी त्याच्या ओसरीवर बसले होते. पुढ्यात अक्षतांची वाटी आणि वैजूच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेला हळदकुंकू लावायला त्यानं शेजारच्या सुनेला हाक मारून आणलं होतं. मी विधवा, तो मान माझ्याकडे उरला नव्हता. सख्ख्या भावाला भाचीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी सकाळची पहिली गाडी धरून घाट चढून वर आले होते, आणि हा आमंत्रण हातात घ्यायच्या आधीच तोंड कडू करून बसला होता.

"अरे, सकाळी निघालास की जेवायच्या आत पोचशील," मी म्हटलं. "लोक त्या गाडीत झोपा काढतात."

"लोक झोपा काढतात. मी आतडी काढतो."

वामनला लहानपणापासून गाडी लागायची. नुसती लागायची नाही, तिकीट फाडायच्या आधी लागायची. स्टँडवरच्या डिझेलचा वास आला की याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मुंजीत बैलगाडीतून मिरवताना तो भटजींच्या उपरण्यावर ओकला, तेव्हापासून आत्याकडची मंडळी त्याला ओकारी बटूच म्हणत. मोठेपणी त्यानं गावातच पिठाची गिरणी टाकली. गिरणीच्या घरघरीत दिवसभर उभा राहील, पण चाकावर चढला की संपला. बायको तापानं लवकर गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. गाव सोडून तो एकदाच घाटाखाली आला होता, आमचे हे गेले तेव्हा. सगळा घाट पायी उतरून आला. पाय सुजून भोपळ्याएवढे झाले होते. दारात उभा राहिला आणि चार वर्षांच्या वैजूला उचलून घेतलं, ते दिवसभर खाली ठेवलं नाही.

त्यानंतर मीच दर भाऊबीजेला वर जायची, आणि वैजूची प्रत्येक सुट्टी मामाच्या गिरणीत पांढरी होऊन जायची.

"वैजू काय म्हणते ठाऊक आहे?" मी म्हटलं.

"काय?"

"मामानं हात धरल्याशिवाय मी गौरीहरापुढून उठणार नाही, म्हणते."

आमच्यात नवरी अन्नपूर्णा पुजत गौरीहरापुढे बसते, आणि अंतरपाट धरला की मामा तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो. बाप नसला तर काका कन्यादान करतो. मामाच्या जागी मात्र दुसरं कुणी शोभत नाही.

वामन पत्रिका उलटसुलट करत राहिला.

"असं म्हणते?"

"असंच म्हणते. आणि तुझे गुडघे आता घाट उतरायचे राहिले नाहीत."

"बरं, मग सांग," तो मांडी घालून नीट बसला. "काय काय करायचं? एकेक सांग. तुमच्याकडची माणसं सारखी घाट चढतात-उतरतात, तुला ठाऊक असणार."

मी सांगत गेले. उपाशी निघायचं नाही, पोटभर खाऊनही नाही. थोड्या कोरड्या लाह्या, नाहीतर भाकरीचा पापुद्रा. निघायच्या आधी गोळी घ्यायची, गाडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा धरायची आणि समोरच्या काचेतून लांब रस्त्याकडे बघायचं. बाजूची झाडं पळताना बघायची नाहीत. आल्याचा तुकडा मीठ लावून दाढेखाली. लिंबू हातात. पोटावर, सदऱ्याच्या आतून, वर्तमानपत्राची घडी.

"वर्तमानपत्र कशाला?"

"मला काय माहीत? सगळे ठेवतात."

"आदल्या दिवशीचं चालेल की ताजंच पाहिजे?"

"चेष्टा नको. आणि मी लग्नापर्यंत आंबट सोडलंय."

"ते का?"

"तुला गाडी लागू नये म्हणून. देवाला तेवढंच मागितलंय."

तो जोरात हसला. "म्हणजे लिंबू मी चोखायचं आणि आंबट तू सोडायचं? देवसुद्धा गोंधळेल ग ताई, कुणाचं काय ते."

मी निघाले तेव्हा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो. ओकत ओकत का होईना, येतो."

*

लग्न आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात होतं. वैजूची सासरची माणसं बेळगावची. ती आदल्या दिवशीच येऊन धर्मशाळेत उतरली होती. आमच्याकडचं सगळं थोरले भाऊजी बघत होते, माझे थोरले दीर. माणूस बोलायला मोकळा आणि थट्टेखोर, पण वैजूच्या लग्नात त्यांनी कुठं हात आखडला नव्हता. पाहुण्यांची ने-आण करायला एक जीप सांगितली होती. परशुराम म्हणून तिचा ड्रायव्हर होता. त्यानं सकाळी सकाळी बॉनेटला झेंडूच्या माळा बांधून ती मंडपाच्या दारातच उभी केली होती.

वामनला सातकोंडीला गाडी बदलायची होती. सातकोंडी म्हणजे घाटाच्या माथ्यावरचं गाव. बेळगावकडची गाडी तिथंच संपते, आणि घाट उतरणारी दुसरी धरावी लागते. ती यायला अवकाश होता. परशुराम तिच्या वेळेला जीप घेऊन आमच्या स्टँडवर जाणार होता, वामनला तसं कळवलंही होतं. मी मुदपाकाच्या दारात पानं पुसत बसले होते, ओठांत नामस्मरण चालू होतं, आणि कान रस्त्याकडे.

तेवढ्यात गुळाच्या ढेपा भरलेला एक ट्रक मंडपासमोर थांबला. त्यातून एक दांडगा माणूस उतरला. अंगात खाकी सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. हातात एक पिशवी. ती पिशवी मी लगेच ओळखली. वामनच्या गिरणीतल्या गोणपाटाची, मीच शिवलेली.

"इंदूताई कोण?" त्यानं विचारलं.

मी हात पुसत पुढं झाले. भाऊजी आणि जाऊबाईही आल्या, चार बायका जमल्या.

"मामाला गाडी लागला," तो म्हणाला.

त्याचं मराठी कानडी वळणाचं होतं. शब्द शोधून शोधून बोलत होता.

"लागली?" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "मी काय म्हटलं होतं? घाट सुरू व्हायच्या आधीच लागली बघा! कुठं आहे आता?"

"सातकोंडी. तिथं झोपवला. नर्सबाई हाय."

"ओकायला नर्सबाई!" जाऊबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "इंदिरा, थाट आहे हो तुझ्या भावाचा."

"उलट्या झाल्या का?" मी विचारलं.

"हां. झाला. दोन वेळा."

"दोनच?" भाऊजी म्हणाले. "मग प्रकृती सुधारली म्हणायची."

बायका खळखळून हसल्या. तो माणूस एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "डोकं. डोकं भारी."

"जड झालंय म्हणतो," जाऊबाईंनी मला समजावलं. "होतं तसं. गरगरतं ना."

"जीप पाठवा. लगेच. मामा बोलला, ताई जीप पाठवते."

"अरे बाबा," भाऊजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी लागलेल्या माणसाला आणखी गाडी पाठवून काय करू? त्याला आणखीच लागेल!"

आता मंडप बांधणारेसुद्धा हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. तो माणूस मात्र हसला नाही. "नगब्याड्री," असं काहीतरी हळू म्हणाला. कुणाला कळलं नाही. मग पुन्हा, मोठ्यानं, माझ्याकडे बघून, "नगब्याड्री, अक्का."

धर्मशाळेकडून वाजंत्री ऐकू यायला लागली. व्याही मंडळी फराळाला निघाली होती. भाऊजी घाईनं म्हणाले, "याला वाटेला लावा आता. नवरीचा मामा वाटेत ओकत पडलाय, हे त्यांच्या कानावर आत्ता नको. जन्मभर थट्टा करतील." जाऊबाईंनी कागदात चार लाडू बांधून त्याच्या हातात दिले. त्यानं ते घेतले, त्यांच्याकडे पाहिलं आणि मंडपाच्या पायरीवर ठेवून दिले. ट्रक सुरू करताना त्यानं एकदा दारातल्या जीपकडे बोट केलं. मग गेला.

"भाऊजी," मी म्हटलं, "पाठवू या का जीप? मुहूर्ताच्या आत येईल कदाचित."

भाऊजींनी आवाज उतरवला. थट्टा संपली की ते फार मऊ बोलत. "इंदिरा, वामन मला परका आहे का? तूच बघ. आत्ता आणायला गेलो आणि घाटात पुन्हा सुरू झालं, तर बोहल्याशी उभा कसा राहील तो? चारचौघांत शोभा. त्यापेक्षा झोपू दे. वरात संध्याकाळी सातकोंडीवरूनच जाणार आहे. वैजू वाटेत उतरून त्याच्या पाया पडेल. त्यालाही बरं वाटेल."

यात चुकीचं काय होतं? वामन स्वतः तिथं असता तर हेच म्हणाला असता.

त्यानं दिलेल्या पिशवीची एक बाजू मातीनं भरली होती. "उलटीत पडली की काय?" जाऊबाईंनी नाक मुरडलं. मी हुंगून पाहिली, वास नव्हता. आत नारळ, पेढ्यांचा पुडा आणि कोऱ्या कापडात गुंडाळलेली पिवळी साडी. मामाची साडी. मी माती झटकली आणि ती वैजूला नेसवायला दिली.

*

"आई, मामा आला?"

वैजू गौरीहरापुढे पाटावर बसली होती. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, हातात अक्षता. मी दाराशी उभी राहूनच बोलत होते. सवाष्णींच्या त्या घोळक्यात मला पुढं जायचं नव्हतं.

"वर सातकोंडीला आहे ग. गाडी लागली त्याला."

ती आधी हसली. "पेपर ठेवला नसेल पोटावर." मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे येणार नाही?"

"संध्याकाळी भेटशील ना वाटेत."

"संध्याकाळी नको मला. मला आत्ता पाहिजे."

बाहेर अंतरपाट धरला गेला. भटजींनी आवाज दिला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." जाऊबाईंचे भाऊ, आप्पा, सोवळं नेसून दारात तयार उभे होते. भला माणूस. हात पुढं करून म्हणाले, "चल बाळ, आज मी तुझा मामा."

वैजूनं पाटाची कड घट्ट धरली. "मी नाही उठणार."

"मुलीच्या मामांनी..." भटजी पुन्हा.

बायका कुजबुजायला लागल्या. जाऊबाई माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाल्या, "सांग तिला काहीतरी. व्याहीण बघतेय."

मी आत गेले. तिच्याजवळ खाली बसले. तिच्या हाताला हात लावला नाही, नुसता पाटाला लावला.

"वैजू, मुहूर्त थांबत नाही ग."

"मामा माझ्यासाठी थांबला असता."

"थांबला असता. म्हणूनच ऊठ. तो तिकडं पडल्या पडल्या घड्याळ बघत असेल. आत्ता अक्षता पडत असतील, असं म्हणत असेल. त्याला खोटं पाडू नकोस."

तिनं डोळे पुसले. आप्पांकडे न बघता हात पुढं केला आणि उठली.

मंगलाष्टकं मी खांबाआडून ऐकली. 'सावधान' म्हटलं की सगळे अक्षता टाकत होते, माझ्या मुठीतल्या मी शेवटपर्यंत टाकल्या नाहीत. म्हटलं, वामनच्या हातानं टाकू.

*

पंगती उठल्या तशी मी भाऊजींपुढं जाऊन उभी राहिले. "मी पुढं जाते जीप घेऊन. वरात वर पोचेपर्यंत त्याला उठवून बसता करते. सकाळपासून पोटात काही नसेल त्याच्या."

"जा, जा," भाऊजी म्हणाले. "आणि काही जिन्नस बरोबर ने. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं."

मी डब्यात ताकभात घेतला. वरात जाईपर्यंत मला आंबट वर्ज्यच होतं, म्हणून भात कालवून दुसऱ्या बाईकडून चाखवून घेतला. परशुरामनं मागच्या बाकाशी एक जुनी बादली ठेवली होती. "असू दे, ताई," तो हसत म्हणाला. "मामांना पाठवणीपर्यंत खाली आणायचं झालं तर माझी गादी वाचेल."

घाट चढताना मी माळ ओढत होते. मन हलकं झालं होतं. लग्न लागलं होतं. वैजूचं रुसणं वामननं दोन वाक्यांत काढलं असतं. काय म्हणेल तेही मला ठाऊक होतं. आधी स्वतःच्या ओकाऱ्या मोजून सांगेल, मग तिला हसवेल.

सातकोंडीला चार दुकानं, एक चहाचं हॉटेल आणि रस्त्याच्या कडेला कौलारू दवाखाना. त्याच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. जीप थांबली तशी ती उठली. माझ्याकडे बघत राहिली.

"तू भैण काय गे त्येची? इंदूताय?"

"हो. आत आहे का? ओकून ओकून दमला असेल, ताकभात आणलाय."

"कोण ओकलो?" म्हातारी म्हणाली.

तिनं माझं मनगट धरलं. डबा माझ्या हातातून परशुरामनं काढून घेतला.

"गाडीन कोण ओकलो गे बाय? तो सकाळी माझ्या हाटेलात इलो, हसत इलो. म्हणालो, मावशे, चाय दी. आज माका गाडी लागूक नाय. जन्मात पयल्यांदा. एवढो मोठो बापयो, पण ल्हान झिलासारखो सांगी होतो सगळ्यांक. चाय अर्धी टाकून उठलो. म्हणालो, समोरच्या दुकानातसून भैणीक फोन करतंय, तिका सांगतंय, ताय, गाडी लागली नाय. रस्तो ओलांडूक गेलो, आणि वळणार्‍यान परगावची एक जीप इली. थांबली पण नाय. त्येका उडवन गेली."

मी देवाला मागितलं होतं तेवढं त्यानं दिलं होतं. तेवढंच, काटेकोर.

आत खाटेवर वामन होता. पांढरी चादर डोक्यावरून ओढलेली. पाय बाहेर राहिले होते. एका पायात चप्पल नव्हती.

नर्सबाई तरुण होती, बेळगावकडची. रडून डोळे लाल झालेले. मी काही विचारलं नाही, तीच सांगत राहिली. डोक्याला आतून मार होता. शुद्धीवर होते. दोनदा उलटी झाली, म्हणजे लक्षण वाईट. मोठ्या दवाखान्यात आडवं झोपवून न्यायला हवं होतं. एस्टी आली, पण बसवून नेलं असतं तर घाटातच संपले असते. "तेच म्हणाले, बहिणीच्या दारात जीप उभी आहे, निरोप द्या, ती पाठवेल. समोरच्या दुकानातला फोन लागेना, म्हणून ट्रकवाल्या बसाप्पाला मी पळवलं. मधे एक बेळगावची मोटार थांबली होती. ते लोक न्यायला तयार होते. तर हे म्हणाले, नको, वैजूची जीप येतेय. तिला मी खालीच हवा आहे. मुहूर्त आहे. आम्ही म्हटलं, घाट उतरायला कितीसा वेळ, येईलच जीप. आम्ही ती मोटार जाऊ दिली."

परशुराम दाराशी भिंतीला टेकून खाली बसला.

"बसाप्पा पोचला नाही का?" नर्सबाईनं विचारलं. "त्यानं सांगितलं नाही?"

"सांगितलं," मी म्हटलं. "मामाला गाडी लागला, म्हणाला."

"गाडी लागला," ती पुटपुटली. मग तिला उमगलं. तिनं तोंडावर हात घेतला. "कानडीत गाडी तागितु म्हणतात, आई, गाडी लागली. म्हणजे धडकली. त्यानं शब्दाला शब्द ठेवला. तो बिचारा दुसरं काय म्हणणार?"

"आणि नगब्याड्री म्हणजे?"

"कोण म्हणालं असं?"

"तोच."

"हसू नका," ती म्हणाली. "म्हणजे, हसू नका."

मंडपात बेळगावची पन्नास माणसं होती. निम्म्यांना कानडी येत होतं. भाऊजींनी त्याला त्यांच्या नजरेआड करून वाटेला लावलं होतं.

मी चादर खाली केली. त्याचा चेहरा धुतलेला होता, नर्सबाईनं धुतला असावा. न टाकलेल्या अक्षता अजून माझ्या कनवटीला होत्या. त्या टाकायच्या होत्या, पण कशावर टाकू ते कळेना. तो कधी गेला ते मी विचारलं नाही. अजूनही मला ठाऊक नाही. वैजूची लेक आता लग्नाची झाली, तरी मी ते कुणाला विचारलेलं नाही.

"सारखो रस्त्याक कान देवन होतो," म्हातारी मागून म्हणाली. "गाडीचो आवाज इलो की म्हणा, इली."

*

ऊन कलंडलं तसा परशुराम जवळ आला. "ताई, वरात घाट चढायला लागली असेल. भाऊजींनी गाडी इथं थांबवायला सांगितलीय. नवरी मामांना भेटणार म्हणून. काय करू? पुढं जाऊन सांगू?"

"काय सांगशील?"

त्यानं खाटेकडे पाहिलं.

नर्सबाई म्हणाली, "सांगावं लागेलच ना, आई."

सांगावं लागणारच होतं. पण आत्ता सांगितलं तर वैजू त्या मोटारीतून उतरली असती ती पुन्हा चढली नसती. मामाच्या अंगावर पडून राहिली असती. नव्या घराच्या उंबऱ्यावर आज तांदळाचं माप भरून ठेवलेलं असणार. ते तसंच राहिलं असतं, आणि हिच्या पायगुणानं मामा गेला असं कुणीतरी म्हटलंच असतं. आणि मुळात ती माझ्याकडे बघून विचारणार होती, जीप का नाही पाठवलीत?

मी चादर पुन्हा वर ओढली. नर्सबाईला म्हटलं, "दार लोटून घे." डोळ्यांना पाणी लावलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

फुलांनी मढवलेली मोटार वळणावरून आली आणि थांबली. दार उघडून वैजू जवळजवळ धावतच उतरली. शालू एका हातानं सावरलेला, चेहरा हिरवट पडलेला. माझ्यापर्यंत आलीच नाही. रस्त्याच्या कडेला वाकली आणि भडाभडा ओकली.

मी धावले. तिचं कपाळ हातात धरलं. मुंडावळ्या मागं घेतल्या. पाठीवरून हात फिरवत राहिले.

"घाट लागला हो मुलीला," मोटारीतून तिच्या सासूबाई काळजीनं म्हणाल्या. "जपा. पाणी देऊ का?"

जावई तांब्या घेऊन आले. वैजूनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"मामाचीच भाची," ती म्हणाली. "कुठाय तो? आधी त्याच्याशी भांडते, मग पाया पडते."

ती दवाखान्याकडे वळली. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"झोपलाय ग," मी म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय."

"नुसती बघते. उठवत नाही."

"नको, बाळ. चाहूल लागली तरी उठेल. पुन्हा सुरू होईल त्याचं."

"एवढं झालं का त्याला?"

"हो. एवढं झालं."

ती लोटलेल्या दाराकडे बघत राहिली. परशुराम जीपच्या पलीकडे तोंड फिरवून उभा होता. चहावाली म्हातारी पदर डोळ्यांना लावून आपल्या हॉटेलात निघून गेली. वैजूच्या ते लक्षात आलं नाही. तिनं रस्त्यावरूनच, शालूचा घोळ धुळीत टेकवून, त्या दाराच्या दिशेनं वाकून नमस्कार केला. जावयांनीही केला.

"वैजयंती, उशीर होतोय हो," सासूबाईंनी हाक मारली.

ती मोटारीत बसली. काच खाली केली.

"आई, उठला की त्याला सांग. मी रागावलेय म्हणावं. खूप. दुसऱ्याच कुणाचा हात धरायला लावला मला. आता तो स्वतः बेळगावला येऊन माझी समजूत घालेपर्यंत मी बोलणार नाही त्याच्याशी. सांगशील?"

"सांगते," मी म्हटलं.

"असंच्या असं सांग."

"असंच सांगते."